भिंतीला टेकलेली रास

दिवाळी उलटली की विदर्भातल्या कुही तालुक्यातल्या धानाच्या बांध्या एकामागून एक रिकाम्या होत जातात. मळलेले धान खळ्यावर एका जागी ओतले जाते आणि पाहता पाहता त्याची टोकदार रास उभी राहते. ओतणारा तिला आकार देत नाही. दाणा दाण्यावरून घसरतो, एका ठरावीक उतारावर येऊन थांबतो. चहूबाजूंनी उतार तोच असल्यामुळे खाली गोल आणि वर टोक असा शंकू तयार होतो. रास पोतेभर धानाची असो की पन्नास पोत्यांची, उतार बदलत नाही.

हेच धान गोदामात भिंतीपासून थोडे अलीकडे ओतले तर रास वाढता वाढता भिंतीला टेकते, आणि धान जिथवर चढले तिथवर भिंतीवर एक रेघ दिसू लागते. मधोमध ती उंच आणि गोलसर असते; बाजूंना उतरताना हळूहळू सरळ होत जाते. खडू घेऊन ती रेघ भिंतीवर उमटवली आणि धान उचलून नेले, तर मागे उरतो तो भूमितीतला एक नामांकित वक्र. त्याचे नाव अपास्त. इथे भिंत म्हणजे प्रतल आणि रास म्हणजे शंकू. भिंतीने शंकू त्याच्या उभ्या अक्षाला समांतर कापला आहे.

रास ओतताना टोक नेमके भिंतीवरच धरले, तर वक्र नाहीसा होऊन फक्त दोन तिरप्या सरळ रेषा उरतात. टोक भिंतीपासून जितके दूर, तितका वक्राचा माथा पसरट. प्रतल आणि शंकू यांच्या भेटीत किती विविधता आहे याची ही पहिली चुणूक. या पुस्तकाचा विषय तोच आहे: शंकू सपाट प्रतलाने कापला असता मिळणारे आकार, म्हणजेच शंकुच्छेद किंवा शांकव.

आकार मोजके आहेत. शंकू आडवा, अक्षाला काटकोनात कापला की वर्तुळ मिळते. प्रतल जरा कलते केले की वर्तुळ एका दिशेला ताणले जाऊन लंबवर्तुळ होते. कल वाढवत नेला की एक क्षण असा येतो, जेव्हा प्रतल शंकूच्या तिरप्या बाजूला तंतोतंत समांतर होते. आता छेद पलीकडून बंद होऊ शकत नाही, तो उघडाच राहतो. हा अन्वस्त. त्याहूनही कल वाढला की अपास्त, आणि त्याला दोन शाखा असतात. कारण गणितातला शंकू टोकापाशी संपत नाही, टोकाच्या पलीकडे उलट दिशेने तेवढाच पसरतो आणि प्रतल त्या दुसऱ्या अर्ध्यालाही कापत जाते. राशीला तो वरचा अर्धा नसतो, म्हणून गोदामाच्या भिंतीवर एकच शाखा दिसते.

धानाच्या राशीवर मराठी मुलखात आठ-नऊशे वर्षांपूर्वी गणित झालेले आहे. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मधला, म्हणजे इसवी सन १११४. चाळीसगावजवळच्या पाटण इथला शिलालेख त्यांच्या घराण्याची परंपरा सांगतो. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने तिथे मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी सिद्धान्तशिरोमणी पूर्ण केला. त्यातल्या ‘लीलावती’मध्ये राशिव्यवहार नावाचे छोटे प्रकरण आहे. राशीवर चढून उंची मोजता येत नाही, घेर मात्र दोरीने सहज मोजता येतो. म्हणून भास्कराचार्य नियम देतात: मोठ्या दाण्याच्या धान्याच्या राशीची उंची घेराच्या दहाव्या भागाइतकी, बारीक दाण्याची अकराव्या भागाइतकी आणि साळीसारख्या कुसाच्या धान्याची नवव्या भागाइतकी धरावी. मग घेराचा सहावा भाग घ्यावा, त्याचा वर्ग करावा, उंचीने गुणावे. घनफळ हाती येते.

हा नियम आजच्या गणिताने तपासून पाहण्यासारखा आहे. उंची घेराच्या नवव्या भागाइतकी, याचा अर्थ राशीचा उतार जवळपास ३५ अंश. दहाव्या भागाला तो ३२ अंश होतो, अकराव्या भागाला ३० अंशांच्या किंचित खाली. कुसामुळे दाणे एकमेकांत अडकतात, म्हणून धानाची रास अधिक उभी राहते. खळ्यावरचे हे निरीक्षण त्या एका अपूर्णांकात नेमके उतरले आहे. ६० हात घेराची रास भास्कराचार्यांनी उदाहरणाला घेतली आहे. मोठ्या दाण्याला तिची उंची ६ हात आणि घनफळ ६०० घनहात; कुसाच्या धान्याला तेच ६६६ घनहातांच्या वर जाते. घनफळाच्या सूत्रात परिघ व्यासाच्या तिप्पट धरला असल्याने उत्तर शेकडा पाचाच्या आत जास्त येते. रास विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला एवढी अचूकता पुरेशी होती.

पुढे भिंतीला टेकलेली रास, आतल्या कोपऱ्यातली रास आणि बाहेरच्या कोपऱ्याला वेढून बसलेली रास असे तीन प्रकार येतात. तिथे मोजलेल्या घेराला अनुक्रमे २, ४ आणि एक पूर्णांक एक तृतीयांश यांनी गुणून पूर्ण शंकू कल्पायचा आणि आलेल्या घनफळाला त्याच संख्येने भागायचे. भिंतीने कापलेला शंकू मराठी वाचकाच्या पूर्वजांना असा हिशेबाच्या वहीतूनच भेटला होता. त्यांना हवे होते घनफळ. भिंतीवरच्या रेघेचा आकार कोणता, हा प्रश्न त्या हिशेबात उद्भवतच नव्हता. कारण नियमातल्या राशीचे टोक भिंतीवरच धरलेले असते.

तो प्रश्न ग्रीकांनी विचारला, आणि त्यामागे धान्य नव्हते. दिलेल्या घनाच्या दुप्पट घनफळाचा घन कसा काढायचा, या कोड्याशी झुंजताना इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात मिनेक्मस नावाच्या गणितज्ञाला हे वक्र सापडले. सुरुवातीला प्रत्येक वक्रासाठी वेगळा शंकू घेत: निमुळता, काटकोनी आणि पसरट. कापायचे मात्र नेहमी शंकूच्या बाजूला काटकोनातच. सुमारे दीडशे वर्षांनी पर्गा गावच्या अपोलोनियसने हे चित्र पालटले. शंकू एकच पुरतो, बदलायचा तो फक्त प्रतलाचा कल, हे त्याने दाखवले आणि या विषयावर आठ खंडांचा ग्रंथ लिहिला. त्यातले पहिले चार ग्रीक भाषेत टिकले, पुढचे तीन केवळ अरबी भाषांतरामुळे वाचले, आठवा हरवला. ज्याच्या नावाचा धूमकेतू आहे त्या एडमंड हॅलीने १७१० मध्ये या ग्रंथाची आवृत्ती काढली. हरवलेल्या आठव्या खंडात काय असावे याची मांडणीही त्याने करून पाहिली. विषयावरच्या प्रेमाची याहून चांगली साक्ष शोधावी लागणार नाही.

भारतात या वक्रांचा स्वतंत्र सिद्धान्त उभा राहिला नाही. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. त्यात आयतवृत्त नावाने लांबट वर्तुळाचा परिघ आणि क्षेत्रफळ काढण्याचे नियम आहेत, पण ते अंदाजाचे. शंकू कापून हा आकार मिळतो, ही दृष्टी तिथे नाही. आणि तरीही अपास्त भारतीय ज्योतिष्यांच्या डोळ्यांसमोर रोज उमटत होता. तो उमटत होता सावलीत.

कुही २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे, कर्कवृत्ताच्या थोडे खाली. तिथल्या एखाद्या सपाट अंगणात एक मीटर उंचीची काठी ओळंब्यात रोवली आणि तिच्या सावलीच्या टोकावर दर अर्ध्या तासाने खूण केली, तर संध्याकाळपर्यंत जमिनीवर ठिपक्यांची एक ओळ तयार होते. मार्चच्या किंवा सप्टेंबरच्या विषुवदिनी ती ओळ सरळ रेषा निघते, पूर्व-पश्चिम, काठीच्या उत्तरेला ३८ सेंटिमीटरवर. २१-२२ डिसेंबरला ती रेषा राहत नाही. मध्यान्हीची सावली ९८ सेंटिमीटर उत्तरेला असते आणि सकाळ-संध्याकाळचे ठिपके आणखी उत्तरेकडे वळत जातात. २१ जूनला उलटा प्रकार होतो. दुपारी सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असल्याने सावली काठीच्या दक्षिणेला जेमतेम ४ सेंटिमीटर पडते आणि वक्राची दोन्ही टोके दक्षिणेकडे झुकतात.

याचे कारण आकाशात आहे. पृथ्वी फिरते, त्यामुळे सूर्य दिवसभरात ध्रुवाभोवती एक वर्तुळ चालतो. त्या वर्तुळापासून काठीच्या टोकापर्यंत येणारे किरण मिळून एक शंकू होतो आणि टोकातून खाली उतरताना तोच शंकू उलटा उघडतो. जमीन या शंकूला कापते. सावलीच्या टोकाचा माग म्हणजे तो छेद. कुहीच्या अक्षांशावर हा छेद विषुवदिन सोडून वर्षभर अपास्तच असतो.

यातली सर्वांत सुंदर गोष्ट अशी की डिसेंबरचा वक्र आणि जूनचा वक्र हे दोन वेगळे अपास्त नाहीत. सूर्य विषुववृत्ताच्या जितका दक्षिणेला डिसेंबरात जातो तितकाच उत्तरेला जूनमध्ये जातो, म्हणून दोन्ही दिवसांचे शंकू एकाच दुहेरी शंकूचे दोन अर्धे ठरतात. परिणामी अंगणात एकाच अपास्ताची एक शाखा हिवाळ्यात काढली जाते आणि दुसरी सहा महिन्यांनी. दोन्ही माथ्यांमधले अंतर १ मीटर २ सेंटिमीटर. अपास्ताच्या शाखा लांबवर ज्या सरळ रेषांच्या जवळ जवळ जात राहतात, त्यांना अनंतस्पर्शी म्हणतात. इथे त्यांच्या दिशा सूर्योदय-सूर्यास्ताच्या दिशांशी जुळतात: डिसेंबरात सूर्य ठीक पूर्वेपासून सुमारे २५ अंश दक्षिणेकडे सरकून उगवतो आणि अनंतस्पर्शी पूर्व-पश्चिम रेषेशी तोच २५ अंशांचा कोन करते. शाळेत अनंतस्पर्शीची ओळख भागाकाराच्या सूत्रातून होते. तिची दिशा उगवत्या सूर्याने ठरवलेली पाहणे हा वेगळाच अनुभव आहे.

काठी तीच ठेवून उत्तरेकडे निघावे. २१ जूनला आर्क्टिक वृत्तावर, साडेसहासष्ट अंशांवर, मध्यरात्री सूर्य क्षितिजाला टेकतो पण मावळत नाही. त्या दिवशी तिथे सावलीचा माग अन्वस्त होतो. आणखी उत्तरेला, जिथे सूर्य रात्रभर क्षितिजाच्या वरच फिरतो, तिथे सावलीचे टोक काठीभोवती बंद फेरी मारते: लंबवर्तुळ. ध्रुवावर ती फेरी वर्तुळ होते. एका काठीने, फक्त जागा बदलून, सगळे शांकव जमिनीवर उतरतात. बदलला तो शंकू आणि प्रतल यांच्यातला कोन. अपोलोनियसने कागदावर जे सिद्ध केले ते पृथ्वीच्या गोलाईवर लिहिलेलेच आहे.

आपल्या ज्योतिषग्रंथांत या काठीलाच शंकू म्हणतात आणि तिची उंची बारा अंगुळे धरतात. कात्यायनाच्या शुल्बसूत्रात तिच्यावरून दिशा काढायची रीत दिली आहे: काठीभोवती वर्तुळ काढायचे, सावलीचे टोक सकाळी वर्तुळाच्या आत शिरते आणि दुपारनंतर बाहेर पडते त्या दोन जागा जोडायच्या, ती पूर्व-पश्चिम रेषा. ही रीत जमते, कारण अपास्त मध्यान्ह रेषेच्या दोन्ही अंगांना सारखा असतो. पुढे सूर्यसिद्धान्तासारख्या ग्रंथांनी सावलीच्या टोकाच्या तीन जागा घेऊन त्यांतून जाणारे वर्तुळ हाच टोकाचा मार्ग मानला. भास्कराचार्यांनी गोलाध्यायात हे मत खोडून काढले: तीन सावल्यांवरून काढलेला तो मार्ग बरोबर नाही. प्रचलित ग्रंथाला असे स्पष्टपणे नाकारायला निरीक्षण पक्के लागते. योग्य वक्र कोणता, त्याचे नाव-गाव त्यांच्या परंपरेत उपलब्ध नव्हते. पण तो वर्तुळ नाही, हे त्यांना ठाऊक होते. मराठीत शांकवांवर लिहिताना या नोंदीला मानाचे स्थान मिळायला हवे.

(कुही तालुक्यातच वैनगंगेच्या काठी आंभोरा आहे. मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधू’ शके १११०, म्हणजे ११८८ मध्ये तिथे रचला गेला असे परंपरा मानते. आंबेजोगाईचाही त्यावर दावा आहे. भास्कराचार्यांचा ग्रंथ आणि मराठीतला हा आद्य ग्रंथ यांच्यात अवघी अडतीस वर्षे आहेत.)

आंभोऱ्याचा उल्लेख आला की तिथला वैनगंगेवरचा नवा पूल डोळ्यांपुढे येतो आणि त्यासोबत एक गैरसमजही. तारांवर तोललेला पूल म्हटला की त्यात अन्वस्त असणारच, असे अनेकांना वाटते. आंभोऱ्याच्या पुलाच्या तारा खांबापासून थेट रस्त्यापर्यंत ताणलेल्या आहेत, त्या जवळपास सरळच आहेत. अन्वस्त दिसतो तो झुलत्या पुलाच्या मुख्य दोरात, कारण तिथे रस्त्याचे वजन आडव्या अंतरावर सारखे वाटलेले असते. दोन विजेच्या खांबांमधली नुसती लोंबणारी तार अन्वस्तासारखी दिसते, पण अन्वस्त नसते. तिचा वक्र निराळा आहे आणि तो १६९१ मध्ये हायगेन्स, लायब्निझ आणि योहान बेर्नुली यांनी शोधून काढला. दिसायला सारखे म्हणून एकच असे म्हणता येत नाही. डोळ्याला पटलेली गोष्ट मोजून पाहण्याची सवय या विषयात फार उपयोगी पडते.

खरा अन्वस्त कुहीच्या शिवारात रोज वाहतो. विहिरीवरची मोटर सुरू केली आणि आडव्या पाइपाच्या तोंडातून पाणी भरून सुटू लागले की धार जो वळसा घेत खाली येते तो अन्वस्त. आडवा वेग कायम राहतो, खाली पडण्याचा वेग मात्र सारखा वाढत जातो; या दोहोंच्या मेळातून हा वक्र निघतो हे गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात मांडले. याचा उपयोगही सरळ आहे. कोणतीही वस्तू ३० सेंटिमीटर खाली पडायला जवळपास पाव सेकंद घेते. म्हणून धार पाइपाच्या पातळीपासून ३० सेंटिमीटर खाली येईपर्यंत आडवी किती गेली ते मोजावे आणि त्याची चौपट करावी. पाण्याचा दर सेकंदाचा वेग मिळतो. साडेसात सेंटिमीटर आतल्या व्यासाच्या पाइपातून धार ५० सेंटिमीटर आडवी गेली, तर वेग सेकंदाला दोन मीटर आणि पाणी सेकंदाला सुमारे नऊ लिटर. पंपाचा विसर्ग मोजण्याची ही मान्य रीत आहे. तिला एक मोजपट्टी आणि एक गुण्या एवढेच साहित्य लागते.

अन्वस्ताचा दुसरा गुण आरशाचा. अक्षाला समांतर आलेला प्रत्येक किरण अन्वस्तावर आपटून एकाच बिंदूत जातो. त्या बिंदूला नाभी म्हणतात. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद इथे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप उभी आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या प्रयत्नातून साकारलेल्या या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. चौदा मध्यवर्ती भागात, उरलेल्या सोळा इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन भुजांवर. प्रत्येक तबकडी अन्वस्ताला अक्षाभोवती फिरवून मिळणाऱ्या पृष्ठाची आहे, पण ते पृष्ठ अखंड पत्र्याचे नाही. पोलादी दोरांवर ताणलेल्या बारीक तारांच्या जाळीचे सपाट तुकडे जोडून तो आकार साधला आहे. रेडिओ लहरींची लांबी जाळीच्या छिद्रांपेक्षा कितीतरी मोठी असल्याने त्यांना ती जाळी आरशासारखीच भासते, आणि वारा मात्र आरपार निघून जातो. कमी खर्चात एवढी मोठी दुर्बीण उभी राहिली त्यामागे ही युक्ती आहे.

कुहीच्या छपरांवरच्या टीव्हीच्या छत्र्या नीट पाहिल्या तर त्यांची कड गोल नसते, उभट असते. पुष्कळांना ती सदोष गोलाई वाटते. खरे तर ती मोठ्या अन्वस्तपृष्ठाच्या एका बाजूचा, सपाट प्रतलाने कापलेला तुकडा आहे, आणि अशा तिरक्या छेदाची कड लंबवर्तुळच येते. तुकडा बाजूचा असल्यामुळे नाभीशी बसवलेले उपकरण येणाऱ्या लहरींच्या आड येत नाही. शिर्डीच्या साईबाबा प्रसादालयावरच्या ७३ सौर तबकड्याही अशाच बाजूच्या तुकड्यातून घडल्या आहेत. २००९ पासून त्या वाफ तयार करून स्वयंपाकाला पुरवतात. त्या घडणीला शेफ्लर तबकडी म्हणतात.

लंबवर्तुळाला नाभी दोन. एका नाभीतून निघालेली लहर कुठेही आपटली तरी दुसऱ्या नाभीत पोहोचते. मुतखडा शस्त्रक्रियेशिवाय फोडण्याचे यंत्र याच गुणावर चालू झाले: अर्ध्या लंबवर्तुळाकार वाटीच्या एका नाभीत ठिणगी पाडायची आणि रुग्णाला असे झोपवायचे की दुसरी नाभी नेमकी खड्यावर यावी. म्युनिकमध्ये १९८० साली माणसावर हा उपचार प्रथम झाला. आज जिल्ह्याच्या ठिकाणीही लोक ‘लेझरने खडा फोडला’ असे सांगतात, तेव्हा अनेकदा त्यामागे लेझर नसून या आघातलहरी असतात.

अपास्ताचे अजस्र रूप पाहायचे तर खापरखेडा किंवा चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्राकडे जावे. पाणी थंड करणारे तिथले मनोरे डमरूसारखे कमरेत बारीक असतात. मनोऱ्याचा उभा छेद घेतला तर त्याच्या कडा अपास्ताच्या दोन शाखा दिसतात. या पृष्ठाचे वैशिष्ट्य असे की ते वक्र असूनही सरळ रेषांनी विणता येते. दोन सारख्या कड्यांना उभे दोरे बांधून वरचे कडे जरा फिरवले की दोरे सरळच राहतात, पण त्यांनी वेढलेला आकार कमरेत आत जातो. रशियन अभियंता शुखोव याने १८९६ मध्ये सरळ लोखंडी पट्ट्यांतून असा मनोरा उभा केला आणि १९१८ मध्ये नेदरलँड्समध्ये या आकाराचा काँक्रीटचा पहिला शीतमनोरा बांधला गेला. पातळ भिंतीत भरपूर ताकद आणि आतून वर चढणाऱ्या हवेला मोकळी वाट, या दोन्ही गरजा या आकाराने भागतात.

आता ग्रहांकडे. केप्लरने १६०९ मध्ये मंगळाची कक्षा लंबवर्तुळ असल्याचे जाहीर केले आणि सुमारे अठराशे वर्षे प्रामुख्याने बुद्धीचे सुख म्हणून जपलेले अपोलोनियसचे गणित अचानक विश्वाचे गणित झाले. वक्र किती ताणलेला आहे हे सांगणारी एक संख्या असते, तिला उत्केंद्रता म्हणतात. वर्तुळाची शून्य, लंबवर्तुळाची एकाहून कमी, अन्वस्ताची बरोबर एक, अपास्ताची एकाहून जास्त. पृथ्वीच्या कक्षेची ०.०१७, मंगळाची ०.०९३, हॅलीच्या धूमकेतूची ०.९६७. कुहीच्या अंगणात डिसेंबर-जूनमध्ये उमटणाऱ्या अपास्ताची २.३५. सावली आणि धूमकेतू एकाच मापाने मोजता येतात, हे या विषयाचे मोठेपण.

इस्रोच्या मंगळयानाने एकाच प्रवासात या वक्रांची मालिका पार केली. ५ नोव्हेंबर २०१३ ला निघाल्यावर ते पृथ्वीभोवती अधिकाधिक लांबट लंबवर्तुळांत फिरत राहिले, मग पृथ्वीच्या संदर्भात अपास्तावरून निसटले, सूर्याभोवती अर्ध्या लंबवर्तुळाचा रस्ता चालले, मंगळाजवळ पुन्हा अपास्तावरून आले आणि २४ सप्टेंबर २०१४ ला वेग कमी करून मंगळाभोवतीच्या लंबवर्तुळात स्थिरावले. सूर्यमालेबाहेरून आलेले पाहुणेही अपास्तावरूनच ओळखू येतात: २०१७ मधला ओमुआमुआ, २०१९ मधला बोरिसॉव्ह धूमकेतू आणि जुलै २०२५ मध्ये सापडलेला अ‍ॅटलास. अ‍ॅटलासची उत्केंद्रता सहाच्या पुढे आहे. तो सूर्याजवळून जाताना जेमतेम वळतो.

एवढे वैभव असलेला विषय विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचतो तो अकरावीत, सूत्रांच्या रूपात. वाय वर्ग बरोबर चार ए एक्स, मग नाभी, नियंता, नाभिलंब, स्पर्शिकेचे समीकरण. प्रकरणाच्या सुरुवातीला शंकूचे एक चित्र असते आणि पुढे तो शंकू परत येत नाही. कापलेला शंकू आणि ते समीकरण यांचा संबंध काय, हे अनेकांना पदवीपर्यंत कळत नाही. सूत्रे हवीतच, त्यांच्याशिवाय मंगळयान गेले नसते. परंतु सूत्राआधी आकार हाताखालून जायला हवा, अशी या पुस्तकाची ठाम भूमिका आहे. साहित्य प्रत्येक दप्तरात आहे. षट्कोनी पेन्सिल शार्पनरमध्ये फिरवली की टोक शंकूचे होते आणि सहा सपाट बाजू त्या शंकूला कापतात. रंग संपून लाकूड सुरू होते तिथली नागमोडी कड म्हणजे सहा अपास्तांचे तुकडे. टॉर्चचा झोत भिंतीवर सरळ धरला की वर्तुळ, कलता धरला की लंबवर्तुळ, भिंतीला समांतर धरला की अपास्त.

संबंध जोडणारा पूलही सुदैवाने सोपा आहे. दोन खिळे आणि एक सैल दोरी घेऊन, दोरी ताणत पेन्सिल फिरवली की लंबवर्तुळ निघते. तिथे दोन खिळ्यांपासूनच्या अंतरांची बेरीज कायम राहते. हा दोरीचा आकार आणि शंकूचा छेद एकच, हे कशावरून? बेल्जियन गणितज्ञ दांदलॅन याने १८२२ मध्ये याचे उत्तर दिले. शंकूत प्रतलाच्या वर एक आणि खाली एक असे दोन गोल बसवायचे, असे की प्रत्येक गोल शंकूला चहूबाजूंनी आणि प्रतलाला एका बिंदूत टेकेल. छेदावरचा कोणताही बिंदू घ्या. एका बिंदूपासून गोलाला काढलेल्या सगळ्या स्पर्शिका सारख्या लांबीच्या असतात. म्हणून त्या बिंदूचे प्रतलावरच्या दोन स्पर्शबिंदूंपासूनचे अंतर हे शंकूच्या बाजूवरून वरच्या आणि खालच्या गोलापर्यंतच्या अंतराइतकेच. या दोहोंची बेरीज म्हणजे दोन गोल शंकूला जिथे टेकतात त्या दोन कड्यांमधली तिरपी लांबी, आणि ती सगळीकडे सारखी आहे. ते दोन स्पर्शबिंदू म्हणजेच नाभी, म्हणजेच खिळे. समीकरण एकही नाही. दोन हजार वर्षे या विषयावर थोर डोकी राबली आणि इतकी साधी सिद्धता एकोणिसाव्या शतकापर्यंत कुणाला सुचली नव्हती.

पुढच्या प्रकरणांचा क्रम याच विचाराने लावला आहे. पहिल्या दोन प्रकरणांत मोजपट्टी, दोरी, टॉर्च आणि काठी एवढ्यावर भागते. कर्णाचा सिद्धान्त ठाऊक असलेला नववीचा विद्यार्थी ती एकट्याने वाचू शकेल. तिसऱ्यात दांदलॅनचे गोल तिन्ही वक्रांसाठी सविस्तर आहेत. समीकरणे चौथ्यापासून सुरू होतात, आणि अकरावीचे क्रमिक पुस्तक तिथपासून शेजारी उघडे ठेवायला हरकत नाही. कक्षांचे गणित शेवटी आहे. त्यातली आकडेमोड कॅल्क्युलेटरवर करता येईल अशीच निवडली आहे. सावल्यांचे सगळे तक्ते २१ अंश उत्तर अक्षांशासाठी काढले आहेत. विदर्भाबाहेरच्या वाचकांनी स्वतःच्या गावाचा अक्षांश घालून ते नव्याने मांडावेत. त्यासाठी लागणारी रीत दुसऱ्या प्रकरणाच्या अखेरीस दिली आहे.